आकडा नॉर्मल होता

आमच्या लॅबमध्ये रक्त मोजायचं मशीन आलं तेव्हा त्याला हार घातला होता. नारळ फोडण्यावरून थोडी चर्चा झाली, कारण मशीनवर पाण्याचा थेंबही उडू देऊ नका असं कंपनीच्या माणसानं बजावलं होतं. शेवटी नारळ दाराबाहेर फोडला आणि मशीनला लांबूनच ओवाळलं. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली, एकविसाव्या शतकाचा चार वेळा उल्लेख केला आणि मग प्रात्यक्षिक म्हणून त्यांचंच रक्त घ्यायचं ठरलं. त्यांनी मोठ्या मनानं बाही वर केली. दोन मिनिटांत कागद बाहेर आला, सूत्रसंचालकानं त्यांचं हिमोग्लोबिन माइकवरून जाहीर केलं आणि मांडवात टाळ्या पडल्या. माणसाच्या हिमोग्लोबिनला पडलेल्या टाळ्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या आणि नंतरही नाहीत.

देश खुला झाल्याचं पेपरात येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या वडवणीत किराणा दुकानातल्या फ्रिजात काळं थंड पेय आलं होतं, काही घरांवर डिशच्या तबकड्या बसल्या होत्या. पण 'फॉरेनचं' म्हणून हात जोडावेत असं गावात पहिल्यांदा आलं ते हे मशीन. दवाखान्याच्या बोर्डावर 'कॉम्प्युटराइज्ड' हा शब्द डॉक्टरांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवला गेला. मशीनला उष्णता सोसत नाही म्हणून लॅबला एसी लागला. बाहेर बाकड्यावर बसलेल्या पेशंटांना उष्णता सोसत होती, त्यामुळे तिथला पंखा बंद पडला तरी कुणी फार मनावर घेतलं नाही.

मी तिथला टेक्निशियन. औरंगाबादला रीतसर कोर्स करून आलो होतो, पण गाव मला कंपाउंडरच म्हणायचं. मशीनच्या आधी माझं काम हातानं चाले. रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरायचा, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली शंभर पांढऱ्या पेशी एकेक करून बघायच्या. याला स्लाईड करणं म्हणतात. काम किचकट, डोळे दुखवणारं. पण त्यात पेशींचे चेहरे दिसतात. मशीन पेशींचा आकडा सांगायचं, त्यांचे ढोबळ प्रकार सांगायचं, चेहरे मात्र सांगायचं नाही.

उद्घाटनानंतर आठवड्यानं डॉक्टर लॅबमध्ये आले. मी स्लाईडवर वाकलेलो होतो.

"हे अजून चालूय का?"

"साहेब, मशीनचं एकदा ताडून बघावं म्हटलं."

"अहो, खिडकीतून लोकांना दिसतं. एवढं मशीन आणून तुम्ही डोळा लावून बसलात तर लोक काय म्हणतील? मशीनला चष्मा लागलाय म्हणतील."

मी हसलो. तेही हसले. संध्याकाळी मायक्रोस्कोप कपाटात गेला. मला वाईट वाटलं असं आज लिहिणं शोभेल, पण खरं सांगायचं तर सुटका झाल्यासारखं वाटलं होतं. मान दुखायची थांबली.

आमच्याकडे तापाचं मुख्य निदान टायफॉइड. त्यासाठी विडाल नावाची तपासणी करत. या तपासणीत रोगाचा जंतू शोधत नाहीत. त्या जंतूशी लढायला शरीरानं रक्तात काही तयार केलंय का, ते बघतात. कल्पना सुंदर आहे. चोर सापडत नसेल तर कुत्रा भुंकतोय का ते ऐकायचं. अडचण एवढीच की आमच्या भागातलं पाणी पिऊन मोठा झालेला जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी त्या जंतूशी लढलेला असतो आणि शरीर ती लढाई विसरत नाही. त्यामुळे विडाल थोडी पॉझिटिव्ह यायचीच. छातीवर पदक लावून फिरणारा निवृत्त सैनिक दिसला म्हणून आज सीमेवर गोळीबार चालू आहे असं समजावं, तसा तो प्रकार. हे मला माहीत होतं, डॉक्टरांनाही माहीत होतं. पण पेशंटाला तापाचं नाव हवं असतं, आणि नाव मिळालं की निम्मा ताप उतरतो.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला, बाजाराच्या दिवशी, एक म्हातारा धनगर आपल्या बायकोला आणि सुनेला घेऊन आला. गावाबाहेर एका वावरात त्यांची मेंढरं बसवलेली होती. मेंढरं शेतात बसली की लेंड्यांचं खत पडतं, म्हणून शेतकरी बोलावून घेतात. सून विशीतली असेल. पाच-सहा दिवस ताप. ती बाकड्यावर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली आणि डोळे मिटून घेतले.

आमच्याकडे बाईला काय होतंय हे तिच्याबरोबर आलेल्या पुरुषाला विचारतात. डॉक्टरांनी म्हाताऱ्याला विचारलं.

"ताप कधीपास्नं?"

"मागल्या बाजाराच्या दुसऱ्या रोजापास्नं."

"उलटी, जुलाब?"

"न्हाई जी."

"पोट दुखतं?"

म्हाताऱ्यानं बायकोकडं बघितलं. म्हातारीनं पदर पुढं ओढला. "दुखतंय जरा," ती म्हणाली, "पण कामाचंच दुखणं आसतंय ते."

रक्त मी घेतलं. सुनेचा दंड तव्यासारखा तापलेला होता आणि बोटं थंडगार, ओलसर. श्वास भराभर चालला होता. हे माझ्या लक्षात आलं होतं, ते मी नाकारत नाही. पण मला विचारलेलं होतं ते रक्ताचं. मशीननं पांढऱ्या पेशींचा आकडा दिला, पाच हजार आठशे. चार ते अकरा हजार म्हणजे नॉर्मल. विडाल पॉझिटिव्ह. अंगात पू करणारा, जोराचा संसर्ग असला तर पांढऱ्या पेशी वाढतात. टायफॉइडमध्ये त्या वाढत नाहीत, उलट कमीच असतात. म्हणजे विडाल टायफॉइड म्हणत होती आणि आकडा मान डोलावत होता. दोन साक्षीदारांची जबानी इतकी जुळली की डॉक्टरांना शंका घ्यायला जागाच उरली नाही. मी सही केली. टायफॉइडची औषधं मिळाली, आणि ते लोक वावरात परत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा एकटा आला. डॉक्टर बीडला कसल्याशा परिसंवादाला गेले होते. म्हातारा लॅबच्या दारात उभा राहिला. एसीची हवा लागली तसा एक पाऊल मागं सरला.

"कंपाउंडर, तुमचा कागद बराबर हाय का?"

"का हो मामा?"

"पोरगी वळखंना झालीय. मला 'आबा' म्हणून तिच्या बापाला हाक मारल्यागत मारतीय. हातपाय गार पडलेत. टायफाडात आसं होतंय का?"

"होतं कधी कधी. औषधाला दोन-चार दिवस लागतात."

"आमचं मेंढरू आसं झालं का मंग दोन-चार दिस न्हाई काढीत," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. मला हवामान सांगावं तसं सांगितलं. "म्हणून इचारलं. तुमचं मशीन लई मोठं हाय."

यात टोमणा होता की नव्हता हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हणालो, "तिला घेऊन या. लगेच."

ते शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिला घेऊन येईपर्यंत मी कपाटातून मायक्रोस्कोप काढला. आदल्या दिवशीचं तिचं रक्त फ्रिजात होतं, त्याची स्लाईड केली. ती आल्यावर ताजं रक्त घेऊन मशीनवर मोजलं आणि त्याचीच दुसरी केली. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या.

निरोगी रक्तातली लढाऊ पांढरी पेशी पूर्ण वाढलेली असते, तिच्या आतला गाभा तीन-चार गाठींत विभागलेला असतो. इथं गाठीच नव्हत्या. नुसते वाकडे, घोड्याच्या नालेसारखे गाभे. कोवळ्या पेशी, एकामागून एक. त्यांच्यात काळपट जाड दाणे भरलेले, काहींना भोकं पडलेली. याचा अर्थ एकच होतो. शरीराचे तयार सैनिक संपत आलेत आणि ते अर्धवट शिकलेल्यांना मैदानात काढतंय. जेवढे बाहेर पडतायत तेवढे मरतायत, म्हणून आकडा वाढत नाही. मशीननं माणसं बरोबर मोजली होती. त्यांतली किती मिसरूड न फुटलेली होती, ते मोजायचं त्याला ठाऊक नव्हतं.

आदल्या दिवशीच्या स्लाईडवरही तेच होतं. शिळ्या रक्तात पेशी बिघडतात, त्यांना भोकं पडतात, हे मला माहीत होतं. तेवढ्यावर मी काही वेळ स्वतःची समजूत काढायचा प्रयत्नही केला. पण शिळेपणानं म्हातारी पेशी कोवळी होत नाही. काल पाच मिनिटं मान वाकवली असती तर हे काल दिसलं असतं.

हल्ली मी निवृत्तीत वाचत असतो. रक्ताच्या थेंबातून पांढऱ्या पेशींमधली कोणती जनुकं जागी झाली आहेत आणि कोणती गप्प बसली आहेत, हे आता वाचता येऊ लागलंय म्हणे. त्यावरून संसर्ग जिवाणूंचा की विषाणूंचा आणि माणूस धोक्याकडे चाललाय का, हे जंतू हाती लागायच्या आधी सांगता येईल, असं ते शास्त्रज्ञ म्हणतात. माझा विश्वास बसतो, कारण कल्पना जुनीच आहे: आक्रमण करणाऱ्याला शोधण्याआधी घरात काय धावपळ चाललीय ते बघा. त्या दुपारी माझ्यासमोर काचेवर तीच धावपळ होती, फार ढोबळ अक्षरांत. असं यंत्र कधी गावात आलं तर त्यालाही हार घालतील, आणि घालावाही. माझं दुखणं हाराचं नाही.

मी बीडला, परिसंवाद होता त्या हॉटेलात फोन लावला. डॉक्टर लाइनवर यायला बराच वेळ गेला. मागं टाळ्या ऐकू येत होत्या.

"साहेब, कालची ती धनगराची सून. बेशुद्धीकडे चाललीय."

"काऊंट?"

"आज पाच हजार दोनशे."

"मग? टायफॉइडच आहे."

"साहेब, मी स्लाईड बघितली."

मग ते म्हणाले, "काय दिसलं?"

मी सांगितलं. ते माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांचा आवाज एकदम खाली आला आणि शिकाऊ डॉक्टराच्या आवाजासारखा झाला.

"कुठून आहे हे? छाती? पोट? लघवी?"

"ते स्लाईडवर दिसत नाही."

"अहो, मी इथं सर्जनला उभं करतो, पण कशासाठी ते सांगायला नको? विचारा त्यांना. नीट विचारा. मी फोन धरून बसतो, नाही तर पाच मिनिटांनी लावा."

म्हातारा जीप बघायला गेला होता. लॅबच्या बाहेर सून ट्रॉलीतल्या गोधडीवरच होती आणि म्हातारी तिच्या डोक्याशी बसलेली. आता पुरुषानं परक्या बाईला, तेही सासूला, तिच्या सुनेबद्दल काय विचारायचं? सिस्टर त्या दिवशी रजेवर. मग मला म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं आणि मी मेंढीचं विचारलं.

"मावशी, एखाद्या मेंढीला असा ताप आला, अंग गरम आणि पाय गार, तर तुम्ही आधी काय बघता?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. तिला प्रश्नाचं नवल वाटलं नाही. आपल्याला येतं ते कुणी विचारलं की माणूस उत्तर देतोच.

"आदी मागं बघतो," ती म्हणाली. "गाभडली हाय का ते, मंजी गाभ पडला का. गाभडली आसंल तर वार ऱ्हाती आत. मंग ती कुजती, आन्..."

ती थांबली. सुनेच्या कपाळावरचा तिचा हात तसाच राहिला.

मग ती म्हणाली, "पंधरा-वीस दिस झालं. तिसरा म्हैना व्हता. घरात कुनाला म्हाईत न्हाई. आमच्या मालकाला बी न्हाई."

"का नाही सांगितलं?"

"कोकरांचं दिस हायेत, भाऊ."

तेवढंच तिच्या दृष्टीनं पुरेसं होतं. मला ते समजायला तिला आणखी दोन वाक्यं खर्चावी लागली. त्यांच्यात असं होतं की जिचं पोट पडलंय त्या बाईनं महिनाभर वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, पाऊल टाकायचं नाही. तिची सावली पडली तर गाभण मेंढ्या गाभडतात. आणि मेंढ्या विण्याचे दिवस होते, रोज पाच-सहा कोकरं पडत होती, त्यांना आयांना लावायचं, पाजायचं काम सुनेचं. थोरला मुलगा, म्हणजे या सुनेचा नवरा, निम्मी मेंढरं घेऊन माजलगावकडं गेलेला. ती बाजूला बसली असती तर काम कुणी करायचं? म्हणून दोघी गप्प राहिल्या. सून दुसऱ्या दिवशी वाघरीत गेली. एकही मेंढी गाभडली नाही, असं म्हातारीनं मला सांगितलं. त्याचं तिला आश्चर्य वाटलं होतं, आणि थोडी लाजही.

मी पुन्हा फोन लावला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "काल मी सासूला बाहेर बसवायला हवं होतं आणि सुनेला विचारायला हवं होतं. पाठवा. मी दारात उभा राहतो."

म्हातारा जीप घेऊन आला. जीपमध्ये कड्याच्या साखर कारखान्यावर निघालेले दोघं-तिघं तोडणीवाले आधीच बसलेले होते. ड्रायव्हर त्यांना म्हणाला, "उतरा बे सगळे, बाई आजारी हाय," आणि ते कुरकुर न करता उतरले. मीही बरोबर गेलो. रस्त्यात म्हाताऱ्यानं विचारलं, "काय निघालं मंग?"

म्हातारी माझ्याकडं बघत नव्हती, बाहेर बघत होती.

"पोटात ताप आहे," मी म्हणालो. "टायफॉइड नाही."

"मंग कालचा कागद?"

"चुकला."

त्यानं मान हलवली. त्यानं सुनेचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि बीड येईपर्यंत तळवे चोळत राहिला.

शस्त्रक्रिया झाली. गर्भाची पिशवी आतून सडलेली होती, ती काढून टाकावी लागली. सून चार दिवस मरणाच्या दारात होती, मग परत फिरली. डॉक्टर दोनदा स्वतः बघून गेले. त्यांनी तिकडच्या दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं की माझ्या टेक्निशियननं स्लाईडवर पकडलं. हे त्यांचं मोठेपण होतं, आणि ते ऐकताना मला दुसरीकडं बघावं लागायचं. पहिल्या दिवशीच्या कागदाबद्दल कुणी काही बोललं नाही. मायक्रोस्कोप पुन्हा टेबलावर आला. खिडकीला मात्र पडदा लावून घेतला.

आठव्या की नवव्या दिवशी मी तिला बघायला गेलो. कारण काढून गेलो होतो, बीडहून रसायनं आणायची होती. म्हातारी खाली चहा आणायला गेली होती. सून उशीला टेकून बसली होती. तिचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. तो अपेक्षेपेक्षा जाड होता, लांब हाका मारायची सवय असलेल्या माणसाचा.

"तुमीच का ते रक्तवाले?"

"हो."

"माझी पिशवी काढली म्हंत्यात. आत्याबाई सांगंना. खरं हाय का?"

मी तिथं डॉक्टर नव्हतो, नातेवाईक नव्हतो. हे सांगणं माझं काम नाही असं म्हणून मला उठता आलं असतं आणि ते नियमाला धरून झालं असतं. पण चुकलेल्या कागदावर माझी सही होती.

"खरं आहे."

तिनं डोळे मिटले नाहीत. पलीकडच्या खाटेवर एक बाई पोराला भरवत होती, तिकडं ती बघत राहिली.

"आमी आलतो त्या दिशीच वळखलं आसतं, मंजी बाजाराच्या दिशी, तर वाचली आसती का?"

एक दिवस. मी त्या दिवसाचा विचार तोवर बराच केला होता, आणि पुढंही केला. पुस्तकं काढून बघितली, डॉक्टरांना आडून विचारलं. एका दिवसानं जीव वाचण्याची शक्यता बदलते हे नक्की. पिशवीचं नक्की नाही. वीस दिवस आत सडत असलेली गोष्ट एका दिवसात किती पुढं जाते, हे सांगायला तपासणी नाही.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

हे खरं उत्तर होतं. तेवढ्यासाठीच दिलं होतं का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तिनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं की वाघरीत कोकरांना कोण पाजतंय, आत्याबाई इथं आणि मामा इथं. मी म्हणालो, मला माहीत नाही, जाताना बघून येतो. आणि परतीच्या वाटेवर खरंच त्या वावरात गेलो. थोरला मुलगा माजलगावकडून परत आलेला होता, बायकोची चौकशी करत होता, आणि दोन्ही काखांत एकेक कोकरू धरून उभा होता. तिनं विचारलं होतं तेवढं मी त्याला सांगितलं. बाकीचं मी सांगावं म्हणून तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.